पहिल्या पानाचा नियम

वसाहतीचा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, ग्रंथपालकाकू सांभाळायच्या. रोज सकाळी देवाला हात जोडून त्या पहिल्या पानावरच्या फालतू जाहिराती पुसत बसायच्या. शेवटी वैतागून त्यांनी नियमच लावला, की नव्या सभासदाचं लिखाण दोन महिने पहिल्या पानावरून आपोआप पुसलं जाईल. त्यात नव्यानेच सभासद झालेल्या शिंप्याची मुलगी वारल्याची बातमीही पुसली गेली. तो विनवायला आला तेव्हा काकू म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम, दादा. रडायला घर आहे की तुम्हाला."

पुढे काका गेले. दवाखान्याच्या धावपळीत काकूंचा फोन हरवला आणि त्यातला विकीचा पासवर्डही. नवं खातं उघडून त्यांनी काकांवर चार ओळी लिहिल्या. त्या लगेच पुसल्या गेल्या.

शेजारणीच्या फोनवरून त्यांनी पुतण्याला गाठलं. तोच वसाहतीचा चिटणीस होता.

"अरे, तुझ्या काकांचं आहे रे! तू तरी लिही."

"मी लिहिलं तर घरच्यांना सवलत दिली म्हणून लोक मला फाडून खातील. नियम तुमचाच ना, काकू?"

संध्याकाळी शिंपी भेटायला आला. काकूंनी त्याच्यापाशीही मन मोकळं केलं. त्याने सगळं ऐकलं, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि चपला घालताना म्हणाला,

"रडायला घर आहे की, काकू."