खेचरांच्या वाट्याचा कडबा

"चारा आला न्हाई, एवढं छापा दादा!" गोदाकाकू माझा हात सोडत नव्हत्या. दुष्काळात सहकारी साखर कारखान्याने माजलगावजवळ जनावरांसाठी छावणी उघडली होती. दोन दिवस कडब्याचा ट्रक नव्हता. काकूंची म्हैस मान टाकून बसली होती.

मी तालुक्याचा वार्ताहर. बातमी फॅक्सने डेस्कला पाठवायची. डेस्क म्हणजे आमचं लिखाण कापून त्याला मथळा देणारी ऑफिसातली मंडळी. तेव्हा सीमेवर लढाई पेटलेली.

"चारा-बिरा आत्ता नको," उपसंपादक फोनवर म्हणाले. "युद्धाचा लोकल अँगल असेल तर बोला."

मी कारखान्याच्या चेअरमनना गाठलं. "साहेब, ट्रक का येत नाही?"

त्यांच्या टीव्हीवर डोंगर चढणारी लष्कराची खेचरं दाखवत होते. साहेब तिकडे बघत राहिले.

"छावणीनं आपला कडबा त्या खेचरांसाठी राखून ठेवलाय. लिहा."

"पण पाठवणार कसा?"

"ते लष्कर बघंल. तुमी लिहा."

मी टंचाईही लिहिली आणि साहेबांचं म्हणणंही. डेस्कने टंचाई कापली. सकाळी पहिल्या पानावर मथळा: 'म्हशींचा उपवास, सीमेवरच्या खेचरांना घास!'

काल चेअरमनना शिव्या देणारी छावणी आज पेपर हातोहात फिरवत होती. "आपलं नाव आलंय बे!" लढाई कुठे चाललीय हे ज्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हतं, ते आता शत्रूची राजधानी कधी घ्यायची यावर भांडू लागले. चारा मागणारा तर थेट देशद्रोही ठरला. शेजारच्या छावणीने ईर्ष्येने आपल्याही म्हशींचा उपवास जाहीर केला.

गोदाकाकूंनी पेपर म्हशीपुढे टाकला. "घे बाई, लई नाव झालं तुझं." म्हशीने तो खाल्ला. अख्ख्या छावणीत त्या बातमीचा उपयोग तेवढा तिलाच झाला. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

मग डेस्कला आवडेल तेच द्यायचं ठरवलं. पुन्हा साहेबांकडे गेलो. "जखमी जवानांसाठी छावणीचं तूप पाठवायचं. त्यासाठी म्हशी दुधावर हव्यात, म्हणून साहेब स्वतः रोज ट्रकभर कडबा देणार. छापू?"

साहेबांना नाही म्हणता येईना. "छापा. फोटो मोठा टाका."

दुसऱ्या दिवशी ट्रक बँड लावून आला. म्हैस उठली. तूप मागायला कुणीच आलं नाही.

पुढे लढाई थांबली. छावणीत मी मथळा वाचून दाखवला, तर सगळे हिरमुसले. "काहून थांबली? आपण तर जिंकतच हुतो!" दुसऱ्या सकाळी ट्रक आला नाही.

गोदाकाकू हळूच म्हणाल्या, "दादा, आजून कुठं लढाई चालू हाय का, बघा की."

या वेळी मला हसू आलं नाही. चाऱ्याची बातमी पुन्हा पाठवली. आता डेस्ककडे जागा होती. आतल्या पानावर चार ओळी आल्या आणि साहेबांना अर्धा ट्रक पाठवावा लागला. बँड नव्हता.

आता युद्धाची बातमी वाचली, की तिला जागा करून द्यायला काय कापलं असेल, हे मी आधी शोधतो.