गालावरचा धुरा

"तोंड दाखव बे," मालगुजार म्हनला.

मी दाखवलं. मांडवात पावने बसले होते, ते समदे हासले. माह्या डाव्या गालावर निळ्या शाईची चौकट होती. कानापासून हनवटीपर्यंत, अन तिथून खाली गळ्यावर. नागपूरच्या डॉक्टरनं आखलेली. तसं माह्यं तोंड चौकटीबिगरही हासन्यासारखंच हाय. देवानं दिवेलागनीले घाईघाईत बनवलं असन.

"हे कोनतं सोंग व्हय?" एका पावन्यानं पुसलं.

"गालाचं वावर झालं मालक," मी म्हनलो. "डॉक्टरनं बांध घालावा तसा धुरा आखून देल्ला."

अजून हासले. मलेही बरं वाटलं. मी गावचा डफडं वाजवनारा महार. वरातीपुढं नाचनं अन लोकाले हासवनं, हेच माह्यं काम. मालगुजारी, म्हंजे गावची जमीनदारी, सरकारनं काढून घेतलती, पन मालगुजार होताच. त्याच्या पोरीचं लगन, त्यानं सांगावा धाडला. आयतवारी नागपूरच्या दवाखान्यात मशीनचा शेक बंद राह्यते, म्हनून मी पुलगावले उतरून गावी आलतो.

तेवढ्यात एक बुढा पावना बोलला, "वरातीपुढं रोगाचं तोंड नको. अपशकुन व्हते."

मालगुजार म्हनला, "धुऊन टाक."

"डॉक्टरनं पानी लावाले मना केलं, मालक."

"डॉक्टर मोठा का मी?"

"तुमी मोठे."

म्हनत मी गाल पुढं केला.

त्याच्या गड्यानं उंचावरून पानी ओतलं. आमाले ओततेत तसं, लोटा हाताले लागू न देता. शाई निंगे ना. तवा त्यानं चुलीतली राख माह्या पायापाशी फेकली. ती मीच उचलली. माह्याच हातानं गाल घासला. वरतून धुतल्या बैलावानी फुरफुर आवाजही काढला. पावन्याईले मजा आली पाह्यजे ना. शेकानं कातडं आधीच लाल झालतं. ते राखेसंगं सोलून निंगालं. रगत आलं. मंग गळ्यात डफडं घातलं अन नाचलो. चांगला नाचलो.

आता डॉक्टरचं सांगतो. तो कॅन्सरले बिजलीच्या मशीननं शेक देये. तंबाकू ठुवून ठुवून माह्या गालात गाठ आलती, भाकर चावता ये ना. पह्यल्या दिवशी त्यानं माह्या तोंडात बोट घातलं. बोट आतून, अंगठा बाहीरून. डोये मिटून चाचपत बसला, गाठ कुठी सरते अन चांगलं मास कुठून लागते ते. इतक्या वरच्या जातीचा मानूस मले कधी चुकून शिवला नव्हता. यानं तर सरळ तोंडातच बोट घातलं.  बोट काढल्यावर म्हनलो, "भेऊ नका साहेब, चावत नाई मी."

तो हासला नाई. मले हासवता न आलेला तो पह्यला मानूस. मले त्याचं भेव वाटलं.

त्यानं पट्टीनं मापलं, रेघ आखली. शिशाच्या पत्र्याले रेघेएवढं भोक पाडलं, म्हंजे शेक तेवढ्याच जाग्यावर बसन. मंग म्हनला, "या रेघेच्या आत आजार आहे. बाहेर तू आहेस. आतलं जाळायचं, बाहेरचं राखायचं. पाणी नाही, साबण नाही, वस्तरा नाही. रेघ गेली तर मी आंधळा."

अन सोमवारी मी सोललेला गाल घेऊन त्याच्या टेबलावर निजलो.

"रेघ कुठे गेली?"

मी समदी हकीकत सोंग काढून सांगतली. मालगुजाराचा आवाज काढला, बैलाचा काढला. मशीनवाला पोट धरून हासला. डॉक्टरनं दिवा गालाजवळ आनला.

"उतर खाली. आज शेक नाही."

"काऊन साहेब?"

"या कातड्यावर शेक दिला तर गालाला भोक पडेल. जखम भरेपर्यंत थांबायचं. आपण थांबलो म्हणून गाठ थांबत नाही." मंग पुसलं, "तू काय म्हणालास त्याला?"

"तुमी मोठे, म्हनलो."

त्यानं कापसानं जखम टिपली. मले त्या हाताचा राग आला. म्हनलो, "तुमच्या हाताले लोटा लागला तर कोनी बाटत नाई, साहेब. तुमाले सोपं हाय."

"हो, मला सोपं आहे," तो म्हनला. "पण मी रेघ फक्त आखू शकतो. राखायची तुलाच."

जखम भरेपर्यंत मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पडून राह्यलो. बाजूच्या चटईवर एक कोष्टी होता. त्यालेही गालाचाच कॅन्सर. घरी काम निंगालं म्हनून तो शेक अर्ध्यात सोडून गेलता, अन लय उशिरा वापस आला. बायको त्याले पेज पाजे, ती गालातून बाहीर ये. तो फडक्यानं पुसे. मले राहावलं नाई, त्याले हासवाले मालगुजाराचं सोंग काढलं. तो हासला. तवा गालाच्या भोकातून त्याची दाढ दिसली.

त्या दिवसापासून माह्यं सोंग बंद झालं.

डॉक्टरनं परत रेघ आखली. या बारीनं चौकट मोठी, डोयापर्यंत गेली. गाठीनं धुरा कोरून खाल्लता.

बायकोले पाहाले मंग एका आयतवारी गावी गेलो, तं दारात मालकाचा गडी. "जावई आले हायेत. डफडं घेऊन ये. अन तोंड धुऊन ये."

बायकोनं पान्याच्या मडक्यावर झाकन ठुवलं अन त्याच्यापुढं आडवी बसली. "जा तसेच," म्हने. "डफडं राहू द्या."

मालगुजाराचा वाडा, तसेच पावने. गड्यानं लोटा उचलला.

"धू," मालगुजार म्हनला.

मी मांगं सरलो. "नाई."

पावने हासले. त्याईले वाटलं, आता पुढं गंमत येईन. वाट पाहू लागले. मी उभाच. पाय असे कापत होते का कोनाले वाटावं, नाचाले लागला. हळूहळू एकएकाचं हासनं बसलं.

"काय म्हनला बे?"

"नाई धुत."

"डॉक्टर मोठा का मी?"

"तोंड माह्यं हाय."

गड्यानं पाठीत लाथ घातली. मी पडलो तो उजव्या गालावर पडलो. डावा वर धरला.

बायकोचं निंदनाचं काम तुटलं. दुकानदारानं मीठ देनं बंद केलं. वस्तीतलेच दोघं म्हनले, "लेका, जरासं पानी तं लावाचं होतं." आमी पोरं घेऊन पुलगावले आलो. शेक पुरा झाल्यावर गिरनीत हमाली धरली.

डॉक्टरनं शेवटी परत बोट घालून पाह्यलं. म्हनला, "आता हाताला गाठ लागत नाही. पण परत येणारच नाही असं सांगत नाही." तवाही हासला नाई. आता मले त्याचं भेव वाटत नाई.

शेकानं जबडा आखडला. तोंड बोटभर उघडते. भाकर कुस्करून खातो. हे मी सांगतो अन दुसरा लिहून घेते. त्याले मधी मधी थांबा लागते, माह्या तोंडातून लाळ गळते ती मी पुसतो तवर.

मांगच्या महिन्यात तोच गडी पुलगावले आला. "मालक म्हनते, झालं ते झालं. पोराचं लगन हाय. तुह्यासारखं कोनी वाजवत नाई."

बोटभर तोंडानं मी म्हनलो, "नाई." तेवढं साफ बोलता येते.

शाई कवाच उडाली. पन शेक बसला त्या जाग्यावर दाढी परत आलीच नाई. चौकटीएवढी जागा गुळगुळीत हाय, धुरा दुरून दिसते. त्याच्या आत आता कोनाचं पानी पडू देनार नाई. माह्या गालावर नाई, पोराईच्या गालावर नाई. अन पडलंच, तं घासनारा हात माह्या घरचा नसन.