चाऊमीन येते काय?

पांढुर्ण्याच्या स्टँडवर चाऊमीनच्या गाडीवरून सॉसचा आंबट वास आला की सौसरजवळचा तो कारखाना आठवतो. गेटवर ‘स्थानिकांना रोजगार’ असं मोठ्ठं रंगवलेलं. चिनी-इंग्रजी दुभाष्याची नोकरी मागायला मी गेले, तर मॅनेजर सगळ्यांदेखत हसला, “चिनी येते? मंग चाऊमीन बनवून दाखव वं!” मी उठले. तेवढ्यात त्याच्याशी भांडलेला चिनी इंजिनिअर मशीनची जोडणी अर्धवट सोडून, बॅग घेऊन तणतणत निघाला. मॅनेजर माझ्यामागे धावला, “बेटा, हा काय म्हणून राहिला?” इंजिनिअर चिनीत म्हणत होता, एकदा माफी मागा, मी थांबतो. मी म्हटलं, “साहेब, मला तं फक्त चाऊमीन येते.” ती मशीन अजून ताडपत्रीखाली गंजून राहिली आहे, सौसरला जाताना बसमध्ये मी मुद्दाम कारखान्याच्या बाजूची खिडकी धरते.