खिशातले तीन फ्यूज

श्रीरंग देवकर सरांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. कराडजवळच्या मलकापुरात, पाण्याच्या मोटरींचे वाइंडिंग करणाऱ्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांत त्यांचे ऑफिस होते. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करता यावी यासाठी लागणारे सॉफ्टवेअर तिथे तयार होत असे. पुण्यातली नोकरी सोडून मी नुकतीच परत आले होते. सरांनी माझे कागद चाळले, बाजूला ठेवले आणि विचारले, "लिहिलेला प्रोग्रॅम चालू यंत्रावर टाकताना पोटात गोळा येतो का?"

पुण्यात हा गोळा मी कायम लपवत आले होते. इथे मात्र म्हटले, "येतो, सर. दरवेळी येतो."

"मग सोमवारपासनं ये. ज्याला येत न्हाई, त्याच्या हातात हे काम द्यायची मला भीती वाटती."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या कर्तृत्वाबद्दल पुष्कळजण लिहितील. मी त्यांच्याकडून मुख्यतः घाबरायला शिकले. हे गौरवलेखात सांगण्याजोगे आहे का, असे मी स्वतःला बरेचदा विचारले. दुसरे काही लिहिले असते तर ते खोटे झाले असते, म्हणून हेच लिहिते.

सरांच्या ऑफिसात एक रिवाज आहे. प्रोग्रॅममधला कोणताही बदल विहिरींवर बसवलेल्या, मोबाईलचा हुकूम घेऊन मोटर चालवणाऱ्या पेट्यांकडे पाठवण्याआधी, लिहिणाऱ्याने दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचे आणि बदललेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. वाचून झाले की सर विचारतात, "विहिरीत कोण हाय?" आणि त्या क्षणी कोणी माणूस विहिरीत उतरलेला असेल तर त्याचे काय होईल, हे आपण आपल्या बोलीत सांगायचे. नवीन मुलांना याची गंमत वाटते. "सर, हितं विहीर कुठाय? लॅपटॉप हाय नुसता," असे एकाने म्हटलेही होते. मीही सुरुवातीला मनातून हसत असे. आटपाडीला जाऊन आल्यावर माझे हसणे थांबले.

आटपाडीजवळच्या एका मळ्यात सोपान आणि मारुती या दोन भावांची सामाईक विहीर आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. धाकटे मारुती फौजेत हवालदार, तेव्हा ईशान्येकडे होते. आपल्या पाळीला आपल्याला तिथून मोटर चालू करता यावी, अशी त्यांची मागणी होती, आणि एका मोटरीवर दोन मोबाईल चालण्याची सोय आम्ही नुकतीच केली होती. ती कशी चालते हे पाहायला सर मला घेऊन गेले.

आम्ही पोचलो तेव्हा सोपानराव पंपाच्या दुरुस्तीसाठी विहिरीत उतरायच्या तयारीत होते. सरांनी विचारले, "फ्यूज काढलं का?"

"आवं सर, मोबाईल माझ्याच खिशात हाय की. कोण चालू करतंय?"

"तरीबी."

"तुमीच तर म्हणालासा, आता मोटर मोबाईलवर. आन् मोबाईल घेऊन तर मी खाली चाललोय!" असे म्हणून ते माझ्याकडे पाहून हसले. "म्याडम, तुमचं सर लय भित्रं हायत बगा."

"हाय खरा," सर म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. खांबावरच्या बोर्डातून तिन्ही फ्यूज काढले आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून हात ठेवला. मग सोपानराव खाली उतरले. कपारीत बसवलेल्या पंपाशी वाकून त्यांनी मोटर आणि पंप जिथे जोडलेले असतात त्या चाकात हात घातला.

मी काठावर उभी होते. डाळिंबाच्या बागेत दुपारची सामसूम होती. तेवढ्यात पाठीमागे आमच्या पेटीत 'खट्' असा आवाज झाला.

तो आवाज मला ओळखीचा होता. ऑफिसच्या टेबलावर मी तो रोज ऐकत असे, आणि तिथे तो ऐकला की बरे वाटायचे. पेटीला स्वतःची बॅटरी असते. मोटरीची वीज तोडली तरी पेटीला हुकूम पोचतो, आणि त्या वेळच्या आमच्या प्रोग्रॅमप्रमाणे हुकूम पोचला की मोटर चालू झाल्याचा निरोप जात असे. विहिरीच्या तळातून सोपानरावांच्या खिशातला मोबाईल बोलला, "मोटर चालू झाली आहे." त्यांचे हात अजून चाकातच होते.

त्यांनी मान वर केली. "सर... म्हंजी माझ्याकडनंच दाबलं गेलं व्हय?"

सर काठावर उकिडवे बसून म्हणाले, "न्हाई. हात काढा. सावकाश वर या."

ते वर येतात तोच मोबाईल वाजला. स्पीकरवर मारुती होते. "दादा, पाणी सोडलंय बघ. माझी पाळी हाय आज. ही म्हणत हुती, झाडं सुकाया लागल्यात." सोपानरावांनी फोन सरांपुढे धरला. सरांनी फोन घेतला आणि सांगितले, "मारुतीराव, दादा ठीक हायत. तुमी आता काय दाबू नका." आपण काय दाबले होते, हे त्यांना कळेपर्यंत बराच वेळ गेला.

फ्यूज परत बसवूनच आम्ही निघालो होतो. तरी कडेगाव मागे पडेपर्यंत सरांचा हात रिकाम्या खिशावर घट्ट दाबलेला होता. सर घाबरतात हे मी ऐकून होते. पाहिले त्या दिवशी.

त्यानंतर सरांनी प्रोग्रॅममध्ये एक अट घातली. विहिरीजवळच्या पेटीचे बटण कोणीतरी हाताने दाबून 'खाली कोणी नाही' असे कळवल्याशिवाय लांबून मोटर चालू होणार नाही. लोक रागावले. "बटण दाबायला शेतातच यायचं, तर मग मोबाईल कशाला घेतला?" असे तोंडावर विचारत. काहींनी दुसऱ्यांच्या पेट्या बसवल्या. सर सगळ्यांना चहा पाजत, पण अट काढत नसत.

अलीकडे आमच्याकडे प्रोग्रॅम लिहून देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस आला आहे. तो भराभर काम करतो आणि कंटाळत नाही. परवा त्याने सगळा प्रोग्रॅम नीटनेटका करून दिला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. हात मांडीवर ठेवून मी वाचत गेले, आणि बटणाची अट कुठेच आली नाही. अनावश्यक समजून त्याने ती काढली होती, आणि ती गेल्याने एकही चाचणी अडली नव्हती. सरांनी विचारले, "विहिरीत कोण हाय?" माझ्या तोंडून सोपानरावांचे नाव निघाले. आम्ही अट परत घातली, तिची चाचणीही लिहिली. पण मी मोठ्याने वाचले नसते तर, हा विचार काही केल्या जात नाही.

सरांच्या मायेबद्दल एकच आठवण सांगते. ऑफिस बंद करून कराडला घरी निघाले की कुलूप लावले की नाही, या शंकेने मी अर्ध्या वाटेतून परत फिरत असे. सरांना ते कळले. त्यांनी ना थट्टा केली, ना उपदेश. दुसऱ्या दिवसापासून कुलूप ते स्वतः लावू लागले, आणि मी घरी पोचेपर्यंत लावलेल्या कुलपाचा फोटो माझ्या मोबाईलवर येऊ लागला. इतक्या वर्षांत तो चुकलेला नाही. एकदा ते तापाने घरी होते, तेव्हा त्यांनी आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, पाठवून फोटो काढायला लावला.

आता सर कामातून थांबत आहेत. नवा प्रोग्रॅम सरांच्या साठीच्या या समारंभानंतर सगळ्या विहिरींवर जाईल, आणि तो मी एकटीने पाठवायचा आहे. "सर, तेवढ्यापुरते शेजारी बसा की," असे मी विनवून पाहिले.

"मी बसलो की तुझी भीती माझ्याकडं येती," ते म्हणाले. "ती तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. सोपानरावाला तिचा उपयोग हाय."

सरांना उदंड आयुष्य लाभावे, त्यांचे डोळे आणि गुडघे शाबूत राहावेत, असे मला मनापासून वाटते. या इच्छेत माझा स्वार्थ किती, हेही मी तपासले. भीती बाजूला काढून इच्छा पुन्हा मोठ्याने म्हणून पाहिली. ती तशीच उरली.

सर, आता कुलूप मी लावीन आणि फोटो मी पाठवीन. तो रोज संध्याकाळी तुम्ही पाहावा, आणि पाहिल्याचे कळवावे. पुष्कळ वर्षे.