दुसरा सबवूफर आणि बाबांचं घुमट

आमच्या हॉलमध्ये दोन सबवूफर आहेत आणि दोन्ही राहणार. ज्यांना खटकतं त्यांनी बाहेर बाल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर बसावं, तिथे हवाही चांगली लागते. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली आमच्या धारगळ गावात भेटणारा प्रत्येक माणूस मला पहिल्यांदा हेच विचारतो, की एक पुरत नव्हता का.

पुरत नव्हता.

पन्नाशी जवळ आली की आमच्याकडची काही माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात, काही पहाटे हायवेच्या कडेने हात हलवत चालतात. मी होम थिएटर घेतलं. स्पीकर, ते सांभाळणारा प्रोसेसर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज काढणारा चौकोनी डबा. प्रोसेसरबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवायचा. मग प्रोसेसर खोलीभर शिट्ट्या आणि घुरघुर सोडतो, स्वतःच ऐकतो आणि कुठल्या स्पीकरने किती बोलायचं ते ठरवतो. माइक प्रत्येकाच्या जागेवर फिरवावा असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मी तो सोफ्यावर, माझ्या जागी, माझ्या कानाच्या उंचीला ठेवला आणि काम झालं म्हणून चहा मागितला.

आवाज कसा आहे ते बघायला लोक मारामारीचे सिनेमे लावतात. आम्ही लावली आमचीच घुमट आरती. मागच्या चतुर्थीला आमच्या घरी झालेली, भाच्याने चांगल्या रेकॉर्डरवर उतरवून घेतलेली. घुमट म्हणजे मोठ्या पोटाचं मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं. आमच्या वाड्यावर चतुर्थीत घरोघरी आरत्या होतात आणि पहिलं घुमट माझ्या वडिलांच्या मांडीवर असतं. ते सुरू करतात, मग बाकीचे शिरतात. या मानाला कागदबिगद नाही, पण तो कोणाचा आहे हे लहान पोरालाही माहीत आहे.

आरती सुरू झाली. जमिनीतून घुमट उठलं, माझ्या छातीत बसलं. मी अभिमानाने बाबांकडे बघितलं. ते जनेलाशी त्यांच्या कदेलीवर बसले होते. ती लाकडी खुर्ची त्या खिडकीपाशी इतकी वर्षं आहे की तिच्या पायांनी लाद्यांवर खुणा केल्यात.

"घुमट खंय आसा?" बाबा म्हणाले.

"ह्या काय वाजता मग?"

"बोटां ऐकाक येतत. पोट ऐकाक येना."

मी आवाज वाढवला. शोकेसमधले कप वाजायला लागले. बाबांनी मान हलवली. त्या संध्याकाळी घरात बाबांखेरीज चार माणसं होती आणि चौघांचं एकमत झालं, की बाबांचे कान गेले. त्या चौघांत मी होतो, आणि आवाज सगळ्यात जास्त माझाच होता. आमची ही डिचोलीची, मराठी शाळेत शिकवते आणि काळजीत असली की एकदम शुद्ध बोलते. तिने म्हापशाच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. बाबांनी पायात चप्पल घालायलाच नकार दिला.

"मी बहिरो नाय," एवढंच म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

वाड्यावर बातमी पोचायला डॉक्टर लागत नाही. माझा चुलतभाऊ आरतीच्या मंडळाचं बघतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा बायकोजवळ म्हणाला, बायको आमच्या हिच्याजवळ म्हणाली, की औंदा काकांनी घुमट सोडून कासाळं घ्यावं. कासाळं म्हणजे पितळेचे टाळ. वाईट काही नाही त्यात, पण पहिलं घुमट वाजवणाऱ्याच्या हातात टाळ देणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवून वाढपी करण्यासारखं. बाबांनी ऐकलं. संध्याकाळी माळ्यावरून घुमट खाली काढलं, पुसलं आणि परत वर ठेवलं.

मला एक गोष्ट खटकत होती. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वळणापलीकडे वाजतो तेव्हा घरात पहिल्यांदा बाबाच म्हणतात, पाव आयलो. म्हातारपणी कान जातात ते आधी अशा बारीक, चिरक्या आवाजांना जातात. जाड आवाज शेवटपर्यंत टिकतो. बाबांचं सगळं उलटं चाललं होतं.

बाबा इब्रामपूरला बहिणीकडे गेले तेव्हा मी त्यांच्या कदेलीवर बसलो आणि आरती लावली. बोटांची टकटक आली. कासाळं आलं. गळे आले. घुमट नाही. मी पुढे वाकलो, घुमट आलं. मागे टेकलो, गेलं. तसा मी बराच वेळ पुढेमागे होत बसलो. ही दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हीही डॉक्टरकडे चला, वेळ घेतलेली आहेच."

माइक कदेलीवर ठेवून मोजलं तर आवाजाच्या आलेखाच्या रेघेत बरोबर घुमटाच्या जागी खड्डा. एकाच कोपऱ्यातून जाड आवाज सोडला की तो भिंतींवर आपटून परत येतो. काही जागी दुप्पट होतो, काही जागी स्वतःलाच खाऊन टाकतो. उपाय दोनच, ऐकणाऱ्याने सरकायचं किंवा दुसऱ्या जागी दुसरा डबा ठेवून खड्डा भरायचा. माझ्या सोफ्यावर दिवाळी आणि बाबांच्या डोक्यापाशी अमावास्या.

"मग खुर्ची दोन हात सरकवा," ही म्हणाली. फोनवरून माझी बहीण तेच म्हणाली. दुकानदारही तेच म्हणाला, आणि त्याला तर दुसरा डबा खपवायचा होता.

मी म्हटलं, नाही सरकवणार. त्या जागेवरून बाबांना रस्ता दिसतो, कोण कुठल्या बसमधून उतरलं ते कळतं, स्वयंपाकघरात काय शिजतंय त्याचा वास येतो. जागा त्यांची आहे. आवाजाने तिथे यावं.

दुसरा डबा आणला.

तो कुठे ठेवायचा हे शोधायची रीत मोठी अपमानकारक आहे. डबा ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, वाजवायचा, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे आवाज भरीव लागेल तिथे डब्याची जागा. बाबांच्या कदेलीवर सबवूफर बसला, बाबा शेजारी उभे राहिले आणि मी लुंगी आवरून जमिनीला कान लावत निघालो. एवढ्यात दादा आला.

"काय सोदतंस रे? चष्मो पडलो?"

"आवाज सांडलो त्याचो," बाबा म्हणाले. "कधीपासून सोदता."

दादा बसला. पाणी प्यायला. मग मुद्द्यावर आला. "काका, औंदा तुमी कासाळां घेवा. घुमट पोरां वाजयतली. तुमकां त्रास नको."

मी तेव्हा टेबलाखाली होतो. तिथूनच म्हटलं, "घुमट बाबाच वाजयतले." माणसाने ठामपणे बोलायचं तर दोन पायांवर उभं असावं, हे मला मान्य आहे. पण तेवढा वेळ नव्हता.

"अरे, त्यांका ऐकाक येना."

"तू चतुर्थीआधी एकदा येऊन बस. मग सांग."

जागा सापडली ती नेमकी हिच्या शिलाई मशीनची. मी चाचरत सांगितलं. तिने मशीनवरचं अर्धं ब्लाऊज उचललं. "सिनेमासाठी मागितली असती तर दिली नसती," म्हणाली आणि स्वतःच एक बाजू धरली.

दोन्ही डबे जोडले, आरती लावली आणि घुमट आधीपेक्षाही बारीक झालं. सोफ्यावरूनही गेलं. "दोन डबे आणून आवाज कमी करणारे तुम्ही जगात पहिलेच असाल," ही म्हणाली. कारण कळायला मला वेळ लागला. दोघांचं अंतर वेगळं, त्यामुळे एकाचा आवाज आधी पोचायचा, दुसऱ्याचा मागून येऊन त्याला पुसायचा. आरतीत दोन घुमटं मागेपुढे पडली की होतं तेच. मग दोघांचा जोर सारखा केला. प्रोसेसरमध्ये एकाला किंचित थांबवून ठेवलं. थोडं सरकवायचं, मोजायचं, परत सरकवायचं, असं करत रेघेतला खड्डा भरत आणला. आणि शेवटी माइक सगळ्यांच्या जागांवर फिरवला, सुरुवात कदेलीपासून.

बाबा येऊन बसले. आरती लागली. थोड्या वेळाने त्यांची बोटं कदेलीच्या हातावर चालू लागली.

दादा आला तेव्हा मी त्याला त्याच जागेवर बसवलं. बाबा सोफ्यावर. प्रोसेसरमध्ये मी दोन्ही जुळण्या साठवून ठेवल्या होत्या. एका डब्याची जुनी लावली आणि आरती सुरू केली.

दादाने थोडा वेळ ऐकलं. मग कान पुढे केला. "घुमट काढलंस की काय?"

"ना," बाबा म्हणाले. "माका हयसर बरां ऐकाक येता. तुका येना?"

दादाने कानात बोट घालून हलवलं. मी दुसरी जुळणी लावली. कदेलीखालची लादी हलली तसा तो दचकून उठला. हसलाही, पण थोडंच. जाताना दारात म्हणाला, "कान बरे आसात, मानलां. पण हात? वय झालां ना."

त्यावर माझ्याजवळ मोजायला माइक नव्हता. मी म्हटलं, "हात थकले की बाबा सांगतले. तू नाय."

चतुर्थीला पहिली आरती आमच्याच घरी होती. बाबांनी घुमट मांडीवर घेतलं, पट्टा खांद्यावर टाकला. पोरं मागे, दादा कासाळं घेऊन बाजूला. बाबांनी सुरू केलं. आधी सावकाश, मग लय चढली तशा गळ्याच्या शिरा फुगल्या. तिसऱ्या आरतीला एका जागी त्यांचा हात चुकला. एकच थाप, पण रिकामी गेली. दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं, आणि टाळ्या वाजवणं थांबवलं नाही.

बाबांनी डोळे उघडले, लय धरली आणि चढवलीच. पोरांना मागून धावावं लागलं. आरती संपल्यावर दादा म्हणाला, "काका, पुढच्या घराक जावच्या आदी जरा बसान घेवया?"

बाबांनी घुमट खांद्यावरून काढलं नाही. पायात चप्पल घातली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.