उजव्या बाजूचा पाईप

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज होतं. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी पत्र्याची शेड. जीप, ट्रॅक्टर आणि गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रक, एवढंच काम. गावोगावी तेव्हा नुकते पीसीओचे पिवळे बोर्ड लागत होते. दोन टर्बो असलेली मोटार मी फक्त मासिकातल्या चित्रात पाहिली होती. त्यामुळे आबांनी ती लाल जपानी गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आणली, तेव्हा तिला हात लावण्याआधी मी साबणानं हात धुतले.

आबा इंदापूरकडचे मोठे बागायतदार. त्या भागातल्या दूध संकलन केंद्रांवर त्यांचा शब्द चालायचा. गाडी त्यांच्या जावयाची. सिंगापूरची नोकरी सोडून परत येताना त्यानं ती बोटीनं आणली होती. हवा आत नेणारे मूळचे रबरी पाईप आपल्या उन्हानं चिरले, म्हणून त्यानं अमेरिकेतून ॲल्युमिनियमचे चकचकीत पाईप मागवून पुण्यात बसवून घेतले. तेव्हापासून गाडी बिघडली. उभ्या उभ्या झकास चालायची. चालवताना जरा दाबली की आचके द्यायची आणि बंद पडायची. पुण्यात दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते.

"तुला जमंल का?" आबांनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. खरं तर मला ती गाडी कुणी दुसऱ्याकडे नेलेली चालली नसती.

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, आणि प्रत्येकाला हवा पोचवणारा एकेक पाईप. आत किती हवा चालली आहे हे मोजणारा मीटर फिल्टरपाशी. त्या मापानं पेट्रोल सुटायचं. मीटरच्या पुढे कुठून न मोजलेली हवा शिरली की सगळं माप चुकणार. हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं. पण ती शिरते कुठून ते सापडेना. साबणाचं पाणी लावून, पायपंपानं हवा भरून पाहिली. एक बुडबुडा नाही.

शेवटी मी दोन्ही पाईपांच्या जोडांवर खडूच्या रेघा मारल्या आणि गाडी भिगवण रस्त्यानं बंद पडेपर्यंत दामटली. डावीकडची रेघ जागच्या जागी होती. उजवीकडची बोटभर सरकली होती, आणि पाईपच्या पोटावर घासल्याचा ओरखडा होता. मी खाली वाकून पाहिलं आणि एकटाच हसलो. पाईप अमेरिकेचे. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्या या गाडीत स्टिअरिंगचा दांडा उजवीकडून खाली उतरत होता, आणि पाईपचं वळण नेमकं त्याच्यावर टेकत होतं. उभ्या गाडीत काही कळायचं नाही. दाबली की इंजिन एका अंगाला कलायचं आणि पाईप टर्बोच्या तोंडातून उचलला जाऊन फटीतून हवा शिरायची.

म्हणजे तो पाईप कापून, वळण बदलून पुन्हा जोडायला हवा होता. पातळ ॲल्युमिनियम जोडणारा माणूस मला एकच ठाऊक होता. इंदापूरच्या बाजारात एक चाचा दुधाचे कॅन दुरुस्त करायचे. आसपासच्या सगळ्या केंद्रांचे पिचलेले, फुटलेले कॅन त्यांच्याकडे यायचे. साठीला आलेले, सडपातळ, गॅसच्या ज्योतीनं भुवया कायमच्या विरळ झालेले.

मी पाईप घेऊन गेलो. त्यांनी तो हातात फिरवला. "लोखंड लाल हुऊन सांगतं, मिस्त्री. ह्ये सांगत न्हाय. एकदम गळून पडतं." मग त्यांनी साबणाची वडी जोडावर घासली. साबण काळा पडला की धातू तयार, अशी त्यांची खूण. दोन तास त्यांनी मान वर केली नाही. बाहेरून जोड दिसेनासा केलाच, पण आतूनही कानशीनं घासून गुळगुळीत केला. "आत कण राहिला तर तुमच्या त्या पंख्याचं वाटोळं हुईल," असं मी सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितलं. पाईप पाण्यानं तीनदा धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून दिला.

गॅरेजवर पोचलो तर आबा आणि जावई येऊन बसलेले. जावयाला त्याच दिवशी गाडी पुण्याला न्यायची होती. पाईप काढले तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून मी दोन्ही टर्बोंच्या तोंडांत कापडाचे बोळे कोंबले होते. डावीकडचा काढला. तेवढ्यात जावयानं काहीतरी विचारलं, आबा इंजिनावर वाकले, मी त्यांना दांडा आणि पाईप यांच्यात आता किती जागा सुटली ते कौतुकानं दाखवत बसलो. उजवा टर्बो खोल, अंधारात. मी पाईप बसवला, पट्टे आवळले.

गाडी गावाबाहेर जेमतेम पडली. आधी किंकाळीसारखा आवाज, मग धूर. ट्रॅक्टरनं ओढून परत आणली. आबा रागानं समोरच्या हॉटेलात चहाला बसले आणि मी एकट्यानं उजवा पाईप उतरवला.

टर्बोचा पंखा चावून काढल्यासारखा झाला होता. पात्यांचे पांढरे तुकडे तोंडाशी पडले होते. आणि पंख्याच्या मधल्या दांड्याला माझ्या बोळ्याचं कापड पिळून बसलं होतं. निळ्या चौकडीचं, माझ्याच जुन्या लुंगीचं. मी चिमट्यानं ते धागा धागा ओढून काढलं आणि खिशात घातलं. विचार केला नाही. हात आपोआप खिशाकडे गेला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. रस्त्यापलीकडून आबा येताना दिसत होते, म्हणून गेला.

आबांनी पांढरा तुकडा उचलून बोटांत फिरवला. "ह्ये तर ॲल्युमिनियम हाय. त्या कॅनवाल्याच्या वेल्डिंगचं."

तो तुकडा पंख्याच्याच पात्याचा होता. एवढं वाक्य मला बोलता आलं असतं.

त्यांनी जीप पाठवून चाचांना आणवलं. चाचांनी तुकडा पाहिला, मग पाईप उचलून माझ्यापुढे धरला. "मिस्त्री, तुमी आत बोट फिरवा. तुमीच सांगा."

मी बोट आत घातलं. काचेसारखा गुळगुळीत जोड. शेडच्या दारात चार-पाच माणसं जमली होती.

"एखादा कण राहिला असंल," मी म्हणालो.

चाचांनी पाईप खाली ठेवला. आबा बोलले, पुष्कळ बोलले. त्यांच्या जातीधर्मापर्यंत गेले. चाचा मान खाली न घालता सगळं ऐकत उभे राहिले आणि मग पायी स्टँडकडे निघाले. जीपनं आणलं होतं; सोडायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यापासून एकेका केंद्रानं चाचांकडचे कॅन बंद केले. मी इंदापूरला गेलो की त्यांच्या दुकानावरून जायचं टाळायचो. एकदा चुकून गेलो तर तिथे बांगड्यांचं दुकान लागलेलं. माझं उलट बरं झालं. जावयानं नवा टर्बो मागवला, मी तो बसवला, गाडी सुसाट पळाली. "पुण्याला जमलं न्हाय ते ह्या पोरानं केलं," असं आबा चारचौघांत सांगायचे. त्यांच्या शब्दावर लांबलांबून गाड्या येऊ लागल्या. मी पक्की शेड बांधली. बायको कौतुकानं ती हकिकत पाहुण्यांना सांगायची, आणि मी उठून बाहेर जायचो.

चाचा सुप्याला असतात, तिथे सायकलची पंक्चरं काढतात, असं कळल्यावरही मी वर्षभर गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. एसटी थांब्यासमोर बाभळीखाली त्यांचं दुकान, म्हणजे एक पेटी आणि पाण्याचं घमेलं. त्यांची बायको बाजूला बसून धान्य निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. कापडाचं, खिशाचं, सगळं.

चाचा चाकाच्या तारा आवळत होते. "ठावं हाय," म्हणाले.

"कवापास्नं?"

"तुमी नळीत बोट घातलं आन् माझ्याकडं न बघता आबांकडं बघितलं. तवापास्नं."

"मग तवाच बोलला का न्हाय, चाचा?"

"मी बोललो असतो. ऐकलं कुणी असतं? ज्येचं ऐकलं असतं असं एकच माणूस हुतं तितं, ते तुमी."

मी म्हणालो, अजूनही गावात सांगतो, केंद्रावर सांगतो, तुम्ही म्हणाल तिथे सांगतो. तेव्हा त्यांच्या बायकोनं पहिल्यांदा मान वर केली.

"आबांना जाऊन किती झालं?" तिनं विचारलं.

"तीन महिने."

"मंग आलासा व्हय," ती म्हणाली आणि पुन्हा धान्य निवडू लागली.

आबांच्या मरणाचा आणि माझ्या येण्याचा संबंध मी तोवर लावला नव्हता. निदान असं मला वाटत होतं. तिनं तसं म्हटल्यावर लक्षात आलं की आबा असते तर मी आलो नसतो.

एक शाळामास्तर सायकल ढकलत आले. चाचांनी ट्यूब काढून पाण्यात बुडवली आणि त्यांच्याशी पाण्यापावसाचं बोलू लागले. बारामतीची गाडी यायला तासभर होता आणि त्या थांब्यावर दुसरी सावली नव्हती. तो तासभर मी त्याच बाभळीखाली, त्यांच्यापासून दोन हातांवर उभा राहिलो. कुणी मला बस म्हणालं नाही आणि जा म्हणूनही कुणी सांगितलं नाही.