अगस्तीच्या खालचा ढग

माळशिरसहून सकाळची एसटी सुटली तेव्हा शेजारच्या जागेवर मी पिशवी ठेवली. तिथे बसायला माझ्याबरोबर कोणी नव्हतंच. मुलगा विनय नोकरीसाठी मेलबर्नला जाऊन राहिला. तिथून त्याने लिहिलं होतं, "आई, तू शिकवायचीस ते दोन धुरकट ढग मला इथे रोज दिसतात."

मॅजेलनचे ढग! आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या दोन छोट्या आकाशगंगा. जन्मभर भूगोल शिकवला, फळ्यावर त्या खडूने काढल्या, पाहिल्या मात्र कधीच नाहीत. धाकटी आपल्याकडे उगवतच नाही. थोरली माघात अगस्तीच्या ताऱ्याखाली क्षितिजाला घासून जाते म्हणतात; जितकं दक्षिणेला जावं तितकी जरा वर. विनय बघतो ते एकदा आपणही बघावं, एवढीच हाव. घरात दिवसचे दिवस कोणाशी बोलणं होत नाही, तेव्हा असला वेडेपणा करायला मी मोकळीच होते.

मोहोळच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सोलापूरला गाडी बदलली, अक्कलकोटला पुन्हा. सरहद्दीवरच्या खेड्यात पोचेपर्यंत ऊन कललं होतं. आमच्या शाळेतल्या शिपायाची बहीण गौरव्वा इथे दिलेली. तिचे यजमान मलकाप्पा ओसरीवर बसले होते.

"एवढ्या लांब कशाला आलात, बाई?" त्यांनी विचारलं.

"ढग बघायला."

त्यांचा चेहराच उतरला. आत वळून ते बायकोला कानडीत काही बोलले. त्यातला 'मोड' एवढा शब्द मला कळला. पाहुणीसाठी मटकीला मोड आणायचं चाललंय, असं समजून मी म्हणाले, "मोड आले तर फारच छान! मला आवडतात."

गौरव्वाने कपाळावर हात मारला. "अय्यो, असं बोलू नगा! ज्वारी खळ्यावर हाय. आता मोड आलं तर सगळी काळी पडंल की!"

कानडीत मोड म्हणजे ढग. खुलासा झाल्यावर तिघंही पोट धरून हसलो. किती दिवसांनी हसले, देव जाणे.

कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही जेवून आम्ही दोघी घराच्या सपाट मातीच्या छतावर, माळवदावर चढलो. दक्षिणेला अगस्ती ठळक होता. त्याच्या खाली, जरा उजवीकडे, नुसता खळ्यांचा धुरळा. चष्मा पुसून पुसून पाहिलं. काही नाही. मला रडू आलं.

"पोरगं आत्ता बघत असंल का?" गौरव्वाने विचारलं.

"तिकडे मध्यरात्र उलटली. झोपला असेल."

"म्हंजे तुमी एकट्याच बघालाय. हिकडं बोलवा की त्याला."

"त्याला कामं असतात गं."

"व्हय, पर तुमी कदी बोलावलंय का?"

मी पदराने डोळे पुसून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी परतताना सोलापूरला परदेशी टपालाचं निळं पत्र घेतलं. लहान आकाशगंगा मोठीभोवती फिरतात, असं मी मुलांना शिकवत आले. आमच्या घरी थोरलीच धाकट्याभोवती फिरते आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. कसा असणार? दर पत्रात हवापाणी आणि शेजारपाजारची लग्नं लिहायची, खाली 'माझी काळजी करू नकोस'. स्टँडवरच्या बाकावर बसून लिहिलं, 'ढग दिसला नाही. तू ये.'

उरलेला कागद कोराच ठेवून चिकटवला आणि मन बदलायच्या आत पेटीत टाकला.